शून्य दिसलं म्हणून

बस इथे माझ्याजवळ. चहा मी टाकते, तू बस. आणि तो मीटर आण बघू इकडे.

गाल फुगवू नकोस, चिऊ. मघाशी हातावर चापट जरा जोरातच बसली, कबूल. पण काय करत होतीस ते तुझ्या लक्षात तरी आलं का? ओट्यावरच्या सॉकेटमध्ये दोन्ही लीड घातल्यास, मीटरवर शून्य आलं, ‘ताई, इथे सप्लायच नाही’ म्हणालीस आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन पट्टी खोलायला निघालीस. सप्लाय होता गं. पाच मिनिटांपूर्वी मी त्याच सॉकेटवर मिक्सर फिरवून चटणी वाटली होती. तुझा नॉब डीसीवर होता. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे जाते, जेवढी अधिक तेवढीच उणे. डीसीच्या रेंजवर मीटर तिची सरासरी काढतो आणि ती येते शून्य. म्हणजे मीटर खरंच बोलला. तू त्याला विचारलंस, ‘इथे बॅटरीसारखी वीज आहे का?’ तो म्हणाला, ‘नाही.’ तू ते ऐकलंस ‘इथे वीज नाही’ असं.

दोन वर्षं आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकलीस, मार्क चांगले आहेत, सगळं खरं. पण सोमवारपासून तू यंत्रमागाच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून उभी राहणार. तिथे हातावर चापट मारायला मी नसेन. म्हणून आज थोडं बोलून घेते. सरांनी शिकवलेलं पुन्हा सांगत बसणार नाही. वहीत लिहून देत नाहीत तेवढंच सांगते.

मीटर आकडा दाखवतो तेव्हा माणूस आपोआप सावध होतो. २३० दिसले की तूही हात मागे घेशील, सांगावं लागत नाही. घात होतो शून्याने. शून्य दिसलं की माणूस सैल पडतो, उघड्या तारेवर हात ठेवतो. आणि हे शून्य किती कारणांनी येतं, बघ. नॉब डीसीवर राहिला, ते तू आज पाहिलंस. लीडची तार आतून तुटलेली असते. बाहेरून धड दिसते, पण मुठीपाशी जिथे ती वाकते तिथे आतली तांब्याची तार कधीच गेलेली असते. पिन मीटरमध्ये अर्धवट खोचलेली असते. कारखान्यात टर्मिनलवर कापसाची तूस आणि तेल यांचा थर बसतो, त्याच्यावर टोक टेकवलं तर धातूला लागतच नाही. किंवा सगळं बरोबर असतं, फक्त त्या घटकेला लाइट गेलेली असते आणि तुझा हात आत असताना येते.

आणि एक शून्य तर बिलंदर आहे. समज, न्यूट्रल कुठेतरी मागे तुटली आणि पुढे एखादा बल्ब, पंखा, काहीतरी चालू स्थितीत राहिलं. मग फेज त्या बल्बातून फिरून न्यूट्रलच्या तारेवर येऊन बसते. बल्ब पेटत नाही, कारण परत जायला वाट नाही. आता तू फेज आणि न्यूट्रलमध्ये मीटर लाव: शून्य. का? दोन्ही तारा फेजवरच आहेत, दोघींत फरक कशाचा दाखवणार? आणि तू ‘बंद आहे’ म्हणून काळ्या तारेला हात लावलास की गेलीस. म्हणून कधीही एका जोडीवर थांबायचं नाही. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, तिन्ही बघायचे. चांगल्या जोडणीत पहिले दोन जवळजवळ सारखे येतात आणि तिसरा एखाद-दोन व्होल्ट.

बाबांनी मला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती: चालू, बंद, चालू. आधी मीटर अशा ठिकाणी लाव जिथे वीज आहे हे तुला माहीत आहे. २३० आले? बरं. मग जिथे काम करायचं आहे तिथे लाव. शून्य? ठीक. मग पुन्हा त्या पहिल्या चालू ठिकाणी. पुन्हा २३०? आता ते मधलं शून्य खरं. तिसरी पायरी सगळे गाळतात. पण मीटरने नेमका मधल्या क्षणी दम तोडला असला, लीड तेव्हाच सुटली असली, तर ते तिसऱ्या पायरीलाच कळतं. वीस सेकंदांचं काम आहे.

आणि फ्यूजची किटकॅट काढलीस तर ती जाग्यावर किंवा पॅनेलच्या डोक्यावर ठेवू नकोस. खिशात टाक. कारखाना दोन पाळ्यांत चालतो, प्रत्येकाला आपली लूम चालू हवी असते, कपड्याच्या मीटरवर मजुरी आहे त्यांची. खडखडाटात तू ‘अरे लावू नको’ म्हणून ओरडलीस तरी हाताभरावरच्या माणसाला ऐकू जायचं नाही. लूम सांभाळणारा जॉबर येईल, फ्यूज पडलेला दिसेल, लावून टाकेल. त्याचाही दोष नाही.

घे, चहा घे. गरम आहे.

आता हा मीटर. पिवळा, तळहातात मावेल एवढा, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. कुठून आणलास, लॅमिंग्टन रोडवरून? हं. मी याला नावं ठेवणार नाही, माझाही पहिला हाच होता. रिमोटचे सेल बघायला, बॅटरीवरच्या खेळण्याचं सर्किट तपासायला, कंटिन्युइटीला झकास आहे. पण खालच्या बाजूला तीन भोकं आहेत ना, त्यातलं वरचं बघ. दहा अँपिअरचं. बाजूला बारीक अक्षरात काय छापलंय? ‘अनफ्यूज्ड’. ते एवढ्या बारीक का छापतात कोण जाणे, खरं तर लाल पाटीवर लिहायला हवं. याचा अर्थ, त्या भोकाच्या आणि काळ्या लीडच्या मध्ये नुसती एक जाड तार आहे. एका ओहमचा शंभरावा भाग म्हण. मध्ये फ्यूज नाही, काही नाही.

हे मला कसं कळलं ते घरी कुणाला सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही.

तेव्हा मी तुझ्याएवढी होते. एका कारखान्यात, कुठल्या ते राहू दे, दुपारी एका मशीनच्या डीसीच्या भागाचा करंट मोजला होता. मोजून झालं, लाल लीड दहा अँपिअरमध्येच राहिली. संध्याकाळी मुकादम बोलवायला आला, पॅनेलमध्ये एक फेज कमी येतेय म्हणाला. मी नॉब फिरवून एसी ७५० वर आणला, मोठ्या ऐटीत. नॉब बरोबर होता, चिऊ. लीड चुकीच्या भोकात होती. आणि नॉब फिरवून भोक बदलत नाही. मी दोन टोकं दोन फेजवर टेकवली.

आवाज फटाक्यासारखा नव्हता. टायर फुटल्यासारखा होता. डोळ्यांपुढे पांढरं, मग बराच वेळ हिरवं-हिरवं. लाल लीडचं टोक वितळून त्याचा मोहरीएवढा गोळा झाला होता आणि मीटरच्या पोटातून काळा धूर येत होता. हाताला भाजलं, पण वरवर. डोळे वाचले ते चष्म्यामुळे. तोही नंबरचा होता, शहाणपणाने घातलेला नव्हता. मुकादमाने पाणी दिलं आणि म्हणाला, ‘घर जाओ बेटी.’ मी घरी आले आणि डाळीच्या कुकरची वाफ लागली म्हणून सांगितलं.

तेव्हापासून माझा एक नेम आहे. मीटर हातात घेतला की आधी भोकं बघते, मग नॉब, मग लीडच्या टोकापासून मुठीपर्यंत बोट फिरवते. करंट मोजून झाला की पहिलं काम लाल लीड व्होल्टच्या भोकात परत. पाणी नंतर प्यायचं.

खरं सांगू, कारखान्यात एसी करंट अशा मीटरने मोजायचाच नसतो. या पिवळ्यात तर एसी अँपिअरची सोयच नाही. त्यासाठी क्लॅम्प मीटर असतो, तार तोडावी लागत नाही, नुसता चिमटा तारेभोवती घालायचा. त्यातही एक शून्य दडलेलं आहे, बरं का. चिमट्यात एकच तार घ्यायची. पूर्ण केबल घेतलीस तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर म्हणतो शून्य. मोटर घों घों फिरतेय आणि मीटरवर काही नाही! एक हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर पूर्ण भारावर जेमतेम दोन अँपिअर घेते. मोठ्या क्लॅम्पवर तेवढा आकडा नीट वाचता येत नाही. मग सप्लाय बंद करून तीच तार चिमट्यातून पाच वेळा गुंडाळून घ्यायची, चालू करायची, आलेल्या आकड्याला पाचाने भागायचं. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या वायरमनने शिकवली.

मीटर नवा घेशील तेव्हा त्याच्यावर ‘कॅट’ लिहिलेलं बघ. हसू नकोस, मांजर नव्हे. कॅटेगरी. कॅट दोन म्हणजे सॉकेटला लागणाऱ्या वस्तू. कॅट तीन म्हणजे पॅनेल, वितरणाची पेटी, कायमची बसवलेली थ्री फेज मोटर. कॅट चार म्हणजे खांबावरून आत येणारी लाइन. तुला वाटेल, सगळीकडे व्होल्ट तेवढेच, मग फरक काय? फरक उसळीचा. वीज कडाडली, शेडमधल्या मोटरी धडाधड बंद-चालू झाल्या, की क्षणाच्या हजाराव्या भागापुरती हजारो व्होल्टची उसळी लाइनवर येते. ट्रान्सफॉर्मरच्या जितकं जवळ तितकी तिच्यामागे ताकद जास्त. घरातल्या सॉकेटपर्यंत येईतो लांब तारांनी ती बोथट होते. मीटर कच्चा असेल तर उसळी त्याच्या आत ठिणगी पाडते आणि त्या ठिणगीच्या वाटेने मागचा सगळा सप्लाय धावतो. आपल्याकडे भिवंडीत शांतीनगर म्हण, नारपोली म्हण, लूमच्या शेडला लागूनच ट्रान्सफॉर्मर उभा असतो. तिथे हा पिवळा न्यायचा नाही. कॅट तीन, ६०० व्होल्ट, याच्या खाली काही घेऊ नकोस. लीडवरही तेच लिहिलेलं हवं. मीटर भारी आणि लीड फुटपाथवरच्या, असं चालत नाही. आणि आतला फ्यूज काचेचा नको. चिनी मातीच्या नळीचा, आत वाळू भरलेला हवा. मोठा करंट आला की काचेचा फ्यूज फुटतो आणि जाळ चालूच राहतो. वाळू तो जाळ विझवते.

पहिल्या स्टायपेंडची वाट बघू नकोस, मी पैसे देते. नाही म्हणू नकोस.

घ्यायचा तर कुठला, म्हणशील. मी कंपनीची जाहिरात करत नाही, पण नाशिकची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. बाबांच्या मोटर दुरुस्तीच्या दुकानातल्या कपाटावर तो काळा जाडजूड मीटर होता ना, काट्याचा, चामड्याच्या पट्ट्याचा? मोटवाने, एट एक्स. नाशिक रोडला बनायचा. ही कंपनी १९०९ साली सिंधमध्ये सुरू झालेली. गांधीजींच्या सभांना शिकागो रेडिओचे लाउडस्पीकर असायचे, ते याच मोटवाने मंडळींचे. आणि त्या मीटरचा चेहरामोहरा ज्याच्यासारखा, तो इंग्लंडचा ॲव्होमीटर. १९२३ सालचा. पोस्टखात्यातल्या डोनाल्ड मॅकॅडी नावाच्या इंजिनिअरला अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजायला तीन वेगळाली यंत्रं वागवायचा कंटाळा आला, म्हणून त्याने तिन्ही एका पेटीत घातली. ॲ-व्हो-ओ, तिघांची आद्याक्षरं. कंटाळ्यातून जगात किती चांगल्या गोष्टी झाल्या, बघ. नाशिकला आजही मल्टिमीटर बनतात. सातपूरची ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स त्यातलीच. बाबांना काट्याचाच भरवसा. डिजिटलवर आकडे नाचतात, काटा मात्र कसा हलतो त्यावरून कळतं, म्हणायचे. चुकीचं नव्हतं ते. हळूहळू चढणारा, झुलणारा व्होल्टेज काट्यावर डोळ्याला दिसतो.

आकडे नाचतात म्हणाले, त्यावरून आठवलं. नाचणाऱ्या आकड्यांतला एक फसवा प्रकार तुला पहिल्याच आठवड्यात भेटणार. मेन काढलंय, तार सुटी आहे, दोन्ही टोकं मोकळी, आणि तरी मीटर ७०, ९०, कधी ११० दाखवतो. घाबरून जाशील. तार मेलेलीच असते. तिच्या शेजारून त्याच पाइपातून दुसरी जिवंत तार गेलेली असते आणि तिची सावली हिच्यावर पडते. दोन तारांमध्ये हवा आणि प्लास्टिक, म्हणजे बारीकसा कॅपॅसिटरच झाला. डिजिटल मीटर तारेतून नावालाच करंट ओढतो, चांगल्या मीटरचा आतला रोध एक कोटी ओहम असतो, म्हणून ती सावलीही त्याला दिसते. काट्याच्या मीटरला दिसली नसती. खात्री करायची तर तारेवर थोडा भार टाकायचा. काही मीटरना ‘लो झेड’ नावाची सोय असते, ती हेच करते. नाहीतर आपला टेस्ट लॅम्प, होल्डर आणि दोन तारा. सावली असेल तर बल्ब लावताच आकडा खाली बसतो. पण टेस्ट लॅम्प दोन फेजमध्ये लावणार असशील तर दोन सारखे बल्ब सिरीजमध्ये घे, एकटा फुटेल. आणि खिशातल्या टेस्टरच्या लाल ठिपक्यावर जीव टाकू नकोस. कोरड्या लाकडी स्टुलावर उभी राहिलीस तर तो चालू तारेवरही पेटेलच असं नाही.

थ्री फेजचं थोडकं सांगते, कारण तिथे पोरं आकड्यांत अडकतात. फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते फेज ४१५, असं सगळे म्हणतात. आता २३० ला १.७३२ ने गुण. ३९८ येतात ना? मग ४१५ कुठून आले? ते २४० च्या जमान्यातले; २४० ला गुणलंस की ४१५ येतात. आपल्या तोंडात एक जुना आणि एक नवा आकडा राहिलाय. म्हणून मीटरवर ४०० आले तर ‘व्होल्टेज कमी आहे’ म्हणून धावत सुटू नकोस. बघायचं असतं ते तिन्ही जोड्या सारख्या आहेत का. ४०२, ४०५, ३९९, छान. ४०२, ४०४, ३५०, तर गडबड आहे.

आणि एक फेज गेली का हे मोटर फिरत असताना मोटरच्या टर्मिनलवर बघू नकोस. फिरती मोटर मेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, मीटरला सगळं बरं दिसतं, आणि मोटर मात्र हूं हूं करत तापत असते. वाइंडिंग जळाल्याचा तो गोडूस करपट वास तुला लहानपणापासून ठाऊक आहे. दुकानात येणाऱ्या जळक्या मोटरींत कितीतरी अशाच एका फेजवर रेटलेल्या असायच्या. मोटर थांबव, मेन काढ, फ्यूज बाहेर काढून हातात घेऊन कंटिन्युइटी बघ.

ओहमवर जायच्या आधी सप्लाय बंद, हे सांगायला नको. सांगितलंच शेवटी. कॅपॅसिटर असेल तर तोही रिकामा कर, पण स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याचा दादा लोकांचा शौक तू करू नकोस. बल्बच्या होल्डरच्या दोन तारा लाव, शांतपणे रिकामा होतो. दोन्ही लीड एकमेकींना लावून बघ: ०.३, ०.४ असं काहीतरी येईल. तो लीडचा स्वतःचा रोध, आलेल्या आकड्यातून वजा करायचा. पंख्याच्या वाइंडिंगला फरक पडत नाही, पण मोठ्या मोटरची वाइंडिंगच एखाद ओहमची असते, तिथे हा ०.४ म्हणजे जवळजवळ निम्मा आकडा झाला. तिन्ही वाइंडिंग मोजल्यास आणि १४.२, १४.३, १४.२ आले, तर हायसं वाटू दे, पण मोटर चांगली आहे असं लिहून देऊ नकोस. बॉडीला लीकेज आहे का, हे मल्टिमीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर काय सांगणार? इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरनेच बघायचं, आणि एक मेगोहमच्या खाली आलं तर मोटर लावायची नाही. पावसाळ्यात कामवारी नदीचं पाणी चढतं तेव्हा खालच्या भागातल्या शेडमधल्या मोटरी मल्टिमीटरवर ठणठणीत आणि मेगरवर शून्य अशा कितीतरी बघितल्यात मी.

अचूकपणा म्हणशील तर मीटरवर जो आकडा आहे तो एक आकडा नसतो, एक पट्टा असतो. या पिवळ्यासारख्या मीटरच्या कागदावर एसी व्होल्टसाठी साधारण ‘१.२ टक्के अधिक १० अंक’ असं लिहिलेलं असतं. ७५० च्या रेंजवर एक अंक म्हणजे एक व्होल्ट. २३० चे १.२ टक्के पावणेतीन, अधिक दहा. म्हणजे मीटर २३० म्हणतो तेव्हा खरा आकडा २१७ ते २४३ मध्ये कुठेही असेल आणि मीटर तरीही निर्दोष! तुम्ही पोरं ‘ताई, आज २२६ आहे, काल २३१ होता’ म्हणता, त्यात काही अर्थ आहे का सांग. बॅटरी उतरली तर विचारूच नकोस. कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह दिसलं की आधी ती बदल. उतरलेल्या बॅटरीवर आकडे बहुधा फुगून येतात, आणि फुगलेला आकडा बघून माणूस नसता दोष शोधत बसतो.

घरचा इन्व्हर्टर आठव. मागच्या महिन्यात तू म्हणालीस, इन्व्हर्टर १८० च देतोय, परत करूया. तो १८० देत नव्हता. स्वस्त इन्व्हर्टरची लहर गोल नसते, पायऱ्यांची असते. स्वस्त मीटर सरासरी काढतो आणि लहर गोलच आहे असं धरून तिला १.११ ने गुणतो. पायरीच्या लहरीला तो हिशोब लागू नाही. खरे २३० असताना १८० दिसतात. यासाठी मीटरवर ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेलं हवं. आता भिवंडीतही साध्या लूमच्या जागी रॅपिअर येताहेत, त्यांच्या मोटरींना ड्राइव्ह असतात. तिथे साधा मीटर काहीच्या बाही बोलतो. नवा घेतेच आहेस तर तो ट्रू आरएमएसच घे.

आता जरा बायकांचं. हे आयटीआयमध्ये कुणी सांगितलं नसेल, कारण सांगणारे सगळे सर. पॅनेलपुढे वाकलीस की गळ्यातली चेन आधी आत जाते. मी मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घालून वर पिन लावते. सासूबाई पहिल्यांदा ‘दिसत नाही’ म्हणाल्या, मी म्हटलं, मी दिसेन ना तुम्हाला. बांगड्या, घड्याळ, अंगठी काढून डब्यात. काचेच्या बांगडीतून वीज जात नाही हे खरं, पण ती अडकून फुटते आणि माणूस दचकतो. उघड्या टर्मिनलपुढे दचकणं परवडत नाही. ओढणी नकोच, लूमच्या पट्ट्यात ओढणी गेली तर मीटर काय करणार? केस वर बांध. पायात रबरी तळाचे बंद बूट, ओल्या स्लिपर नाहीत. काळी लीड क्लिपची घे. आधी ती न्यूट्रलला किंवा अर्थला अडकवून टाकायची, मग एका हाताने लाल टेकवायची. काढताना लाल आधी. दुसरा हात पाठीमागे किंवा खिशात. दोन हात दोन धातूंवर असले की वाट छातीतून जाते, एवढंच ध्यानात ठेव. टोकामागे बोटांना अडवणारी ती कड असते ना, बोट तिच्यापुढे कधी जाऊ द्यायचं नाही.

‘एवढुशी पोरगी काय बघणार’ असं कुणी म्हणालं तर तोंडाने उत्तर देऊ नकोस. चालू, बंद, चालू करून दाखव. जुने वायरमन ते बघतात आणि मग गप्प बसतात. आणि एखादा म्हणाला ‘तीस वर्षं बोटाने बघतोय’, तर त्याला नमस्कार कर आणि दोन पावलं लांब उभी राहा.

एक हद्द मात्र ओलांडायची नाही. सीलबंद मीटर आणि त्याच्या मागची लाइन तुझी नाही, शेठने कितीही गोड बोलून सांगितलं तरी. २६ जानेवारी २००७ पासून भिवंडीचं वितरण महावितरणने टोरंट पॉवरकडे फ्रँचायझीने दिलेलं आहे, ते काम त्यांच्या माणसांचं. आपल्या जुन्या चाळीत त्या रात्री काय झालं होतं आठवतं? खालच्यांची ट्यूब डोळे मिचकावत होती, आपला पंखा वादळासारखा फिरत होता आणि समोरच्यांचा टीव्ही फट्कन गेला. मी बोर्डावर मीटर लावला, ३१०. थ्री फेजची न्यूट्रल तुटली होती. कुणाकडे ३१०, कुणाकडे शंभरसुद्धा नाही, ज्याच्याकडे जसा भार तसं. मी काहीच दुरुस्त केलं नाही. सगळ्यांची मेन खाली पाडायला लावली आणि फोन केला. आजी म्हणाल्या, मग शिकून काय उपयोग? आता काय सांगायचं त्यांना!

झाला चहा? कप राहू दे तिथेच. ऊठ, मीटर घे. लीड बघ आधी, वाकवून वाकवून बघ. भोकं? व्होल्ट आणि कॉम, हं. नॉब? नागमोडी रेघेकडे, ७५०. कडेच्या मागे बोटं.

त्या फ्रिजच्या सॉकेटवर लाव, ते चालूच आहे. किती? २२८. चालेल. आता ओट्यावरचं बटण बंद करून तिथे बघ. तिन्ही जोड्या.

शून्य, शून्य, शून्य. बरं.

स्क्रूड्रायव्हर ठेव खाली. आधी परत फ्रिजवर.